दवाखाना सांभाळून नीट-एमडीएस दुसऱ्यांदा: कुणी दिली आहे का?

सांजवारा

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथं नुसती वाचत आलेय, धागा पहिल्यांदाच काढतेय.

मी बीडीएस, म्हणजे दातांची डॉक्टर. इंटर्नशिप संपून दोन वर्षं झाली. पिंपरीत एका खाजगी दवाखान्यात असोसिएट (पगारी डॉक्टर) आहे. सकाळी १० ते २, संध्याकाळी ५ ते साडेनऊ. रविवारी सुट्टी, पण महिन्यातला एखादा रविवार शिबिरात जातो. १९ एप्रिल २०२५ ची नीट-एमडीएस, म्हणजे दंतवैद्यकातल्या एमडीएस या पदव्युत्तर पदवीची प्रवेश परीक्षा, ही माझी पहिली खेप. ९६० पैकी ४२४ गुण आले. पात्र ठरले, पण मला हवी असलेली कॉन्झर्व्हेटिव्ह-एण्डो (दात भरणं, रूट कॅनल) शाखा सरकारी कॉलेजात मिळेल अशी रँक आली नाही. डीम्ड म्हणजे अभिमत विद्यापीठाची फी बाबांच्या निवृत्तीच्या पैशांतून भरायची नाही, हे मी परीक्षेआधीच ठरवलं होतं आणि त्यावर ठाम आहे.

पुन्हा द्यायची हेही नक्की आहे. प्रश्न नोकरीचा आहे. आई म्हणते, सोड ती नोकरी आणि वर्षभर नुसता अभ्यास कर. बाबा म्हणतात, हात बसलेत ते सुटू देऊ नकोस. भावाच्या होस्टेलचा अर्धा खर्च माझ्या पगारातून जातो, त्यामुळे सोडायचं म्हटलं की सगळ्या घराचीच गणितं बदलतात. आणि खरं सांगायचं तर मला सोडायची नाही. वाकड्या मुळाची दाढ नीट भरून झाल्यावरचा एक्स-रे पाहिला की दिवसाचा शीण जातो.

पण गेल्या वेळी मी रात्री ११ ते १ वाचायचे. तिसऱ्या पानावर डोळे मिटायचे. तसंच पुन्हा केलं तर तेवढेच गुण येतील, हे मलाही कळतंय.

पूर्ण वेळ काम करत दुसऱ्या खेपेला ज्यांचं जमलं त्यांनी पहिल्या खेपेपेक्षा वेगळं काय केलं, ते मला ऐकायचं आहे. ज्यांचं जमलं नाही त्यांनीही लिहा.


खडूपाटी

वाचतोय. माझीही दुसरी खेप, नाशिकहून. खूण म्हणून हा प्रतिसाद.


दातओठ

जमलं नाही अशांपैकी मी एक. सविस्तर लिहितो.

पहिल्या खेपेनंतर मी नोकरी सोडली. पुण्यात पेठेत अभ्यासिका लावली, सकाळी ८ ते रात्री १० तिथंच. पहिले दोन महिने इतकं मोकळं वाटलं की मी सगळी जाड पुस्तकं पहिल्या पानापासून वाचायला घेतली. ॲनाटॉमीतच सहा आठवडे गेले. पुढे वेळ आहेच, असं रोज वाटायचं. डिसेंबरात पाहिलं तर पार्ट बीचे, म्हणजे पेपरच्या क्लिनिकल भागाचे, अर्धे विषय उघडलेही नव्हते. मग धावपळ, उजळणी शून्य, आणि गुण पहिल्यापेक्षा २२ ने कमी.

सोडणं चुकीचंच असतं असं माझं म्हणणं नाही. हाताशी वेळ आला की तो आपोआप अभ्यासाला लागत नाही, एवढं मात्र मी अनुभवानं सांगतो. दवाखान्यात असताना दुपारच्या दोन तासांत जेवढे प्रश्न सोडवायचो, तेवढे अभ्यासिकेत अख्ख्या दिवसात होत नव्हते. शिवाय घरून पैसे मागताना घशात काहीतरी अडकायचं. अभ्यासाला बसलं की तेच आठवायचं.


ओवी_ओवी

दातओठ, तुमच्या अनुभवाचा आदर आहे, पण मी उलट बाजूनं लिहिते. मी सोडली आणि माझं जमलं. वर्षभर मात्र नाही सोडली. परीक्षेच्या आधीचे साडेतीन महिनेच घरी होते. त्याआधी काम करत एकदा सगळे विषय डोळ्यांखालून गेले होते. शेवटचे महिने फक्त उजळणी आणि मॉक (सराव परीक्षा). मी पेडो (लहान मुलांच्या दातांची शाखा) केलं, यंदा संपलं.

सांजवारा, सोडायची की नाही यापेक्षा केव्हा सोडायची हा प्रश्न घे. वर्षभराची सुट्टी परवडत नसेल तर शेवटच्या दोन महिन्यांपुरते पैसे आत्तापासून बाजूला टाकता येतात का ते बघ.


जुनाखांब

मी एकवीस वर्षं दवाखाना चालवतो. माझ्याकडे आजवर बरेच असोसिएट येऊन गेले, त्यातले निम्मे तरी या परीक्षेच्या मागे होते. सल्ला नंतर देईन, आधी एक विचारतो. शेवटच्या चार-पाच मॉकमध्ये पार्ट ए किती आणि पार्ट बी किती, हे वेगवेगळं सांगता येईल का? एकूण गुणांवरून मला काही कळत नाही.


सांजवारा

सर, शेवटच्या मॉकची नोंद आहे माझ्याकडे. पार्ट ए मध्ये १०० पैकी ४१ बरोबर, पार्ट बी मध्ये १४० पैकी ८८. बारा प्रश्न सोडले होते, बाकीचे ९९ चुकले. गुण ४१७. आधीचेही साधारण असेच.


जुनाखांब

मग दुखणं सापडलं. शंभरातले ४१ म्हणजे पार्ट ए मधेच तुमचे गुण गळताहेत.

बाकीच्यांसाठी सांगतो. पेपर २४० प्रश्नांचा, ९६० गुणांचा, तीन तासांचा. पार्ट ए मध्ये ॲनाटॉमी, फिजिओलॉजी, बायोकेमिस्ट्री, जनरल पॅथॉलॉजी-मायक्रोबायोलॉजी, फार्माकॉलॉजी, डेंटल ॲनाटॉमी-हिस्टॉलॉजी, डेंटल मटेरियल्स. म्हणजे जे आपण पहिल्या-दुसऱ्या वर्षाला पास होऊन कपाटात टाकलं ते. पार्ट बी मध्ये क्लिनिकल विषय. काम करणाऱ्या डॉक्टरचा पार्ट बी रोजच्या रोज थोडा घासला जातो. पार्ट ए मात्र दर महिन्याला विसरला जातो. आणि नोकरी करणारा रात्री दमून बसला की हात कुठं जातो? ओळखीच्या विषयाकडे. एण्डो उघडलं की बरं वाटतं, कारण ते येत असतं. वाचून समाधान मिळतं, गुण मिळत नाहीत.

तुमचे पार्ट बीचे ८८ चे ९५ करायला फार घाम गाळावा लागेल. पार्ट ए चे ४१ चे ६० करणं त्यापेक्षा सोपं आहे. चुकलेला प्रश्न बरोबर झाला की चार मिळतात आणि कापला जाणारा एक वाचतो, म्हणजे पाच गुणांचा फरक. एकोणीस प्रश्नांचे ९५. ते ४१७ मध्ये मिळवून बघा.


खडूपाटी

सर, तुमचा प्रतिसाद वाचून मीही माझे आकडे काढले. माझं पार्ट ए ३८. आता झोप येणार नाही.


मधली_सुट्टी

सांजवारा, तू जे विचारलंयस ते सगळं माझ्या बाबतीत घडलंय, म्हणून लांब लिहिते. मी दुसऱ्या खेपेला, नोकरी न सोडता, नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात प्रोस्थोला (कवळ्या-कॅपची शाखा) लागले.

माझा दवाखानाही दोन वेळचा होता. पहिल्या खेपेला मी तुझ्यासारखीच रात्री वाचायचे. दुपारी २ ते ५ घरी जाऊन जेवायचं, झोपायचं, परत यायचं. जाण्यायेण्यातच सव्वा तास जायचा. दुसऱ्या खेपेला घरी जाणं बंद केलं. डबा घेऊन जायचे, सरांना विचारून एक्स-रेच्या खोलीशेजारची छोटी खोली मागून घेतली. अडीच ते पावणेपाच, आठवड्यातले सहा दिवस. म्हणजे आठवड्याला साडेतेरा तास, तेही डोकं ताजं असताना. रात्री अभ्यास पूर्ण बंद केला. साडेदहाला झोप, पहाटे पाचला उठून दीड तास. आईला पहिले पंधरा दिवस वाटलं की मी अभ्यासच सोडला.

दुपारच्या वेळात फक्त पार्ट ए. पहाटे फक्त प्रश्न सोडवणं. रविवारी मॉक आणि मॉकची चिरफाड. तीन तासांच्या मॉकला मी चार तास तपासायचे. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे तीनपैकी एक खूण: माहीतच नव्हतं, माहीत होतं पण विसरले, किंवा माहीत होतं आणि घाईत वाचलं. पहिल्या महिन्यात मला धक्का बसला. निम्म्याहून जास्त चुका दुसऱ्या प्रकारच्या होत्या. म्हणजे नवीन वाचायची गरजच नव्हती, जुनं परत परत बघायची होती. त्यानंतर मी एकही नवं पुस्तक किंवा नवा व्हिडिओ उघडला नाही.

डेंटल मटेरियल्स मी दवाखान्यातच शिकले म्हणायला हरकत नाही. आमची असिस्टंट अल्जिनेटचं (दातांचा साचा घ्यायचं मिश्रण) माप घेतल्यावर ट्रे तसाच बाजूला ठेवायची आणि प्लास्टर अर्ध्या तासानं ओतायची. कॅप सैल-घट्ट यायच्या, लॅबवाल्याशी रोज भांडण. एक दिवस वाचताना सिनेरेसिस आलं. अल्जिनेटमधलं पाणी सुटत जातं आणि माप आकसतं. ओल्यात बुडवून ठेवलं तर पाणी पिऊन फुगतं, ते इंबिबिशन. मी तिला दाखवलं, तिनं लगेच ओतायला सुरुवात केली, भांडणं थांबली. त्यावरचा प्रश्न मी या जन्मात चुकणार नाही. उन्हाळ्यात अल्जिनेट हातातच सेट व्हायचं, मग गार पाणी वापरायचो. तोही एक प्रश्नच. ट्रायसोडियम फॉस्फेट रिटार्डर (सेट होणं लांबवणारं) का, हे तेव्हा कुठं डोक्यात बसलं.

एक सवय लावून घे. रोज दवाखान्यातून निघताना दिवसातल्या एका पेशंटवरून एक पार्ट ए चा प्रश्न स्वतःला विचारायचा आणि वहीत लिहायचा. माझी अशी वही झाली दोनशे पानांची.


दातओठ

ही कल्पना फार आवडली. मला हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर!


सांजवारा

ताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. आजच करून पाहिलं. सकाळी एक काका आले होते, खालची दाढ, रात्रभर ठणका. ब्लॉक (मुख्य मज्जातंतूजवळ बधिरतेचं इंजेक्शन) दिला, ओठ बधिर झाला, तरी ड्रिल लावलं की ओरडत होते. शेवटी पल्पमध्येच (दाताच्या गाभ्यात) इंजेक्शन द्यावं लागलं. मग दुपारी बसून वाचलं: सूज असलेल्या जागी पीएच उतरलेला असतो, बधिर करणाऱ्या लिग्नोकेनचा पीकेए (ज्या पीएचला औषधाचे अर्धे रेणू आयनयुक्त असतात तो) ७.९, त्यामुळे जास्तीत जास्त रेणू आयनयुक्त रूपात राहतात आणि मज्जातंतूच्या आवरणातून आत जाणारं बेस रूप कमी पडतं. हे मी तिसऱ्या वर्षी पाठ केलं होतं. गेल्या दोन वर्षांत असे किती पेशंट पाहिले असतील आणि एकदाही हे आठवलं नाही.


जुनाखांब

छान. पण तुमच्या काकांच्या बाबतीत एवढंच पुरत नाही. ब्लॉक तुम्ही सूज असलेल्या जागेपासून लांब दिला होता, तिथला पीएच उतरलेला नसतो. तरी दुखलं. म्हणजे मज्जातंतूच पेटलेला होता, त्याची संवेदनक्षमता वाढलेली होती, हेही कारण लिहून ठेवा. पीएचचं कारण इन्फिल्ट्रेशनला (दाताजवळच दिलेल्या इंजेक्शनला) जास्त लागू पडतं. पेपर काढणारे इथंच पकडतात.


सांजवारा

हे लक्षातच आलं नव्हतं सर. वहीत दुरुस्त केलं.


निळासूर

मी डॉक्टर नाही, डॉक्टरचा नवरा आहे. बायकोनं ही परीक्षा दोनदा दिली, दुसऱ्यांदा आमची मुलगी दीड वर्षाची होती. तेव्हा थोडं घरच्या बाजूनं लिहितो.

पहिल्या खेपेला आम्ही सगळे तिला अभ्यास कर, अभ्यास कर म्हणायचो, आणि ती बसली की कुकर कुठंय, मुलीचं औषध किती वाजता, पाहुण्यांना काय सांगू, सगळं तिलाच विचारायचो. माझ्या हे लक्षातही आलं नव्हतं. दुसऱ्या वेळी तिनं एक कागद फ्रिजवर लावला: पहाटे ५ ते ७ आणि रविवारी १ पर्यंत मी घरात नाही असं समजा. पहिल्या रविवारी मुलगी दाराशी रडत बसली होती आणि मी तिला उचलून बागेत गेलो. तिथून पुढे बारा वाजेपर्यंत आम्ही बाप-लेक दर रविवारी बाहेरच असायचो. तिची रँक सुधारली, पेरिओ (हिरड्यांची शाखा) मिळालं.

सांजवारा, तुमच्या आईला नोकरी सोड म्हणण्याऐवजी दुसरं काही करता येईल का, ते त्यांना मोकळेपणानं सांगा. घरच्यांना मदत करायची असते, नेमकं काय करायचं ते कळत नसतं.


मधली_सुट्टी

निळासूर, मनापासून आवडलं. वहिनींना नमस्कार सांगा.


कोरीपाटी

मी इथं विरुद्ध मत मांडतेय, रागावू नका. एमडीएस हवंच कशाला? मी बीडीएसवर सात वर्षं प्रॅक्टिस करतेय. रोटरी एण्डो (मशीननं रूट कॅनल), इम्प्लांट, सगळं कोर्स करून शिकले. तीन वर्षं एमडीएस, त्याआधी दोन-तीन वर्षं परीक्षांत, म्हणजे तिशी उलटते. तेवढ्या वेळात माझा स्वतःचा दवाखाना उभा राहिला. सांजवारा, तुला वाकड्या मुळाची दाढ भरता येतेच आहे की.


सांजवारा

ताई, रागावण्यासारखं काहीच नाही, मी स्वतःला हे विचारलंय. मला शिकवायचं आहे. कॉलेजात लेक्चरर व्हायचं तर एमडीएस लागतंच. आणि दुसरं म्हणजे, ज्या दाढेत आधी कुणीतरी फाईल (रूट कॅनलची बारीक सुई) तोडून ठेवलीय ती माझ्याकडे येते तेव्हा मी ती पुढे पाठवते. मला ती पाठवायची नाहीये, मला ती करायची आहे.


कोरीपाटी

मग वाद संपला. शिकवायचं असेल तर जरूर कर. माझ्या शुभेच्छा.


गोदाकाठ

मी गुणांच्या गणितावर थोडं लिहितो, कारण बारा प्रश्न सोडले हे वाचून राहवेना.

खूप जणांना शिकवलं जातं की खात्री नसेल तर सोडा. नीट-एमडीएसला बरोबर उत्तराला ४, चुकीला १ वजा. चार पर्यायांतला कुठलाही एक डोळे मिटून निवडला तर चारातून एकदा ४ मिळतात, तीनदा १ जातो. चार प्रश्नांमागे १ गुण हाती राहतो. म्हणजे अगदी आंधळा ठोकासुद्धा सरासरीनं तोट्यात नाही. दोन पर्याय बाद करता आले तर दोन प्रश्नांमागे ३ गुण. बारा प्रश्न, प्रत्येकात दोन पर्याय बाद होत असतील, तर सरासरी १८ गुण तुम्ही टेबलावर ठेवून उठलात.

एम्सच्या आयएनआय-सीईटीला, म्हणजे एम्ससारख्या संस्थांच्या वेगळ्या प्रवेश परीक्षेला, हे लागू नाही. तिथं चुकीला एक तृतीयांश वजा, म्हणजे आंधळ्या ठोक्याची सरासरी शून्य. दोन्ही परीक्षा देणाऱ्यांनी एकीची सवय दुसरीत नेऊ नये.


दातओठ

गोदाकाठ, गणित बरोबर आहे, पण माणूस सरासरीवर पेपर देत नाही. मी शेवटच्या दहा मिनिटांत तीस ठोके मारले होते. त्यातले किती लागले देव जाणे.


गोदाकाठ

शेवटच्या दहा मिनिटांवर ठेवलं हीच चूक. आणि आता तर पार्ट ए ची वेळ वेगळी, पार्ट बी ची वेगळी. पार्ट ए ची वेळ संपली की मागे जाता येत नाही. जुन्या पद्धतीत लोक आधी पार्ट बी उरकून निवांत पार्ट ए कडे यायचे, ते आता बंद. त्यामुळे सांजवारानं मॉकसुद्धा तसेच, भाग पाडून, घड्याळ लावून द्यावेत. पार्ट ए सुरुवातीलाच अंगावर येतो आणि ज्याचा तो कच्चा आहे त्याचं मन तिथंच खचतं. त्याची सवय घरीच व्हायला हवी.


मधली_सुट्टी

याला पूर्ण अनुमोदन. आणि एक भर. काम करणाऱ्यांना पार्ट बी मध्ये एक वेगळा सापळा असतो. दवाखान्यात जे रोज करतो तेच उत्तर म्हणून टिकवतो. ड्राय सॉकेटचा (दात काढल्यावर खड्ड्यात रक्ताची गाठ न टिकल्यानं दुखणारा) पेशंट आला की बऱ्याच दवाखान्यांत सरळ अँटिबायोटिक लिहून देतात. पुस्तकात सॉकेट सलाईननं धुणं, आत औषधी पट्टी आणि वेदनाशामक. पर्यायांत दोन्ही असतात आणि हात सवयीनं चुकीकडे जातो. तसंच लाल फाईल मी रोज हातात धरायचे, पण २५ नंबरची (टोकाला ०.२५ मिलिमीटर), ०.०२ टेपरची (दर मिलिमीटरला ०.०२ नं जाड होणारी), तर १६ मिलिमीटरवर तिचा व्यास किती, हे कधी मोजलं नव्हतं. ०.५७. साधी बेरीज आहे, पण दवाखान्यात ती कुणी करत नाही.


खडूपाटी

०.२५ अधिक १६ गुणिले ०.०२. केली बेरीज, जमली!


पाऊलखुणा

थोडं अवांतर, पण काम सोडावं की नाही याच्याशी संबंध आहे. माझी परीक्षा १६ डिसेंबर २०२० ची. निकाल वेळेत लागला आणि मग काउन्सेलिंगच सुरू होईना. महिने गेले, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, शेवटी ऑगस्ट २०२१ मध्ये प्रवेशफेऱ्या सुरू झाल्या. निकाल लागला म्हणून मी जानेवारीतच दवाखाना सोडला होता. ते आठ महिने कसे काढले ते माझं मला माहीत. कोविडचा काळ, कुणी नवीन डॉक्टर ठेवायला तयार नाही. माझ्या मैत्रिणीनं काम चालू ठेवलं होतं, तिला तेवढा त्रास झाला नाही.

तेव्हा सोडायचंच असेल तर परीक्षेआधी सोडा, परीक्षेनंतर लगेच परत कामाला लागा. कॉलेजचं पत्र हातात येईपर्यंत राजीनामा नको. मूळ कागदपत्रं, स्टेट डेंटल कौन्सिलची नोंदणी, इंटर्नशिप पूर्ण झाल्याचा दाखला, सगळं एका फाईलमध्ये आधीच लावून ठेवा. फेऱ्या सुरू झाल्या की दवाखान्यातून सुट्टी काढून धावत बसायला वेळ मिळत नाही.


ओवी_ओवी

पाऊलखुणा, त्या वर्षीचे हाल आमच्या सीनियरनी सांगितले होते. फार वाईट काळ होता तो.


जुनाखांब

आता मालकाच्या खुर्चीतून लिहितो, कारण या धाग्यावर तिथून कुणी बोललेलं नाही.

असोसिएट परीक्षेची तयारी करतोय हे लपवतो, असं मी वारंवार पाहिलं. भीती ही की कळलं तर काढतील. मग तो अपॉइंटमेंटच्या मध्ये मोबाईलवर प्रश्न सोडवतो, पेशंट खुर्चीत बसून असतो, मी चिडतो, दोघांचंही बिघडतं. एक मुलगी मात्र पहिल्याच आठवड्यात समोर येऊन बसली. म्हणाली, सर, मी परीक्षा देणार आहे. मला मंगळवार, गुरुवार, शनिवार संध्याकाळ सुट्टी हवी, पगार तेवढा कमी करा, आणि परीक्षेआधी सहा आठवडे मी येणार नाही, तोवर माझ्या जागी कोण येईल ते मी डिसेंबरात सांगेन. मला त्यात नाही म्हणण्यासारखं काही सापडलं नाही. चालू रूट कॅनलचे पेशंट कधी संपवायचे याची यादीसुद्धा तिनं करून दिली होती. दवाखान्याला खरी अडचण अर्धवट राहिलेल्या पेशंटची असते. सुट्टीची नसते.

सगळे मालक असे ऐकून घेतील असं नाही, हे मला माहीत आहे. पण विचारायला जाताना तारखा, पगारातली कपात आणि पेशंटची सोय या तीन गोष्टी घेऊन जा. नुसतं सर, ॲडजस्ट करा म्हटलं की कुणीही नाहीच म्हणतो.


निळासूर

सर, हे प्रत्येक नोकरीला लागू आहे. मी आयटीत आहे, आणि बायकोच्या परीक्षेच्या वेळी मीही माझ्या मॅनेजरकडे असंच जायला हवं होतं.


खडूपाटी

सर, त्या मुलीचं पुढे काय झालं?


जुनाखांब

ऑर्थो (वाकडे दात सरळ करण्याची शाखा) केलं. कोल्हापूरकडे प्रॅक्टिस करते. दिवाळीला फोन असतो.


सांजवारा

सगळ्यांना उत्तर द्यायला चार दिवस लागले, कारण मध्ये बरंच काही झालं.

काल दुपारी मी माझ्या मॅडमशी बोलले. जुनाखांब सरांनी लिहिलंय तसं कागदावर लिहून नेलं. तीन संध्याकाळी मागितल्या होत्या, दोन मिळाल्या, मंगळवार आणि शुक्रवार. पगारातले साडेपाच हजार जातील. शेवटचे सहा आठवडे मागितले, त्यावर मॅडम पाच म्हणाल्या आणि माझ्या बॅचची एक मैत्रीण तेवढ्यापुरती यायला तयार झालीय. दुपारी लॅबची खोली वापरायला परवानगी मिळाली. मॅडमनी स्वतः दोनदा दिलेली परीक्षा, हे मला दोन वर्षांत माहीतच नव्हतं! त्या बराच वेळ बोलत बसल्या.

होस्टेलचे पैसे भरता येतील इतका पगार उरतो. भावाला सांगितलं तर तो म्हणाला, मी मेस बदलतो. मी नको म्हटलं.

आईला फ्रिजवरच्या कागदाचं सांगितलं. तिनं तो स्वतःच लिहिला आणि खाली जोडलं की रविवारी एक वाजेपर्यंत मावशीचे फोन मी घेईन.

ठरवलेलं असं: रात्रीचा अभ्यास बंद. दुपारी पार्ट ए, सुरुवात फार्माकॉलॉजी आणि मटेरियल्सपासून, कारण त्यांचे पेशंट रोज समोर असतात. बायोकेमिस्ट्री पहाटे. रविवारी भाग पाडून मॉक, एकही प्रश्न न सोडता. या रविवारी पहिला मॉक तसा दिला. पार्ट ए ४६ आले. फार नाही, पण वेळ संपली तेव्हा हात थरथरले नाहीत.

मधली_सुट्टी ताई, तुमच्या त्या दोनशे पानांच्या वहीतली मटेरियल्सची पानं फोटो काढून पाठवाल का? माझी वही अजून फक्त अकरा पानांची आहे.


मधली_सुट्टी

पाठवते, पण सगळी नाही. अल्जिनेट, जिप्सम (प्लास्टर) आणि जीआयसी (दात भरायचं सिमेंट) एवढंच. बाकीची तू लिहायचीस आणि मला पाठवायचीस. माझ्याकडे पहिल्या वर्षाची मुलं आहेत, त्यांना दाखवीन.


खडूपाटी

मलाही हवीत ताई. आणि सांजवारा, रविवारचा मॉक एकाच वेळी देऊया का? सकाळी ९ ला सुरू, दुपारी इथंच आकडे टाकू.


सांजवारा

नक्की. ९ ला.